पान हेच पिकाचे स्वयंपाकघर
(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील पिकांच्या संदर्भात)

पीक आपले अन्न कोठून मिळविते, असा प्रश्न विचारला असता आपल्याकडील बहुतेक शेतकरी ‘जमिनीतून’ असे उत्तर देतील. शेणखत, युरिया, सुपर फॉस्फेट इत्यादींना आपण ‘पिकाचे अन्न’ म्हणतो, त्यामुळे हा समज अधिकच दृढ झालेला आहे. हा समज पूर्णपणे चुकीचा नसला तरी अर्धवट आहे. आणि अर्धवट ज्ञानामुळे शेतीत खर्च वाढतो व उत्पन्न मात्र वाढत नाही. सोयाबीन पिवळे पडले की युरियाचे पोते आणावयाचे, हा त्यातलाच प्रकार होय. पिकाचे खरे अन्न जमिनीत तयार मिळत नाही. ते पानात तयार होते, आणि ते तयार करण्याची भट्टी सूर्याच्या प्रकाशावर चालते. ही क्रिया कशी घडते, ती कशामुळे मंदावते आणि ती जोमाने चालावी म्हणून शेतकऱ्याने काय करावे, याचा विचार या लेखात केला आहे.

झाड मातीने वाढते काय?

हा प्रश्न सुमारे पावणेचारशे वर्षांपूर्वी व्हान हेल्माँट नावाच्या शास्त्रज्ञाने प्रयोगाने तपासून पाहिला. त्याने एका मोठ्या कुंडीत कोरडी माती वजन करून भरली आणि तीत पाच पौंड वजनाचे वाळुंज जातीचे रोप लावले. पाच वर्षेपर्यंत त्याला पाण्यावाचून दुसरे काहीही घातले नाही. पाच वर्षांनंतर झाडाचे वजन सुमारे १६९ पौंड भरले. परंतु कुंडीतील माती वाळवून तोलली असता ती अवघी दोन औंस कमी झाल्याचे आढळले. हा प्रयोग १६४८ साली प्रसिद्ध झाला. झाड केवळ पाण्यानेच वाढले, असा निष्कर्ष त्याने काढला. तो बरोबर नव्हता. तथापि झाडाचा देह मातीचा बनलेला नाही, एवढी गोष्ट त्याच्या तराजूने निर्विवाद सिद्ध केली.

मग हे वजन आले कोठून? पाण्यातून आणि हवेतून. वाळलेल्या कोणत्याही पिकाचे, म्हणजे कडब्याचे, तुराट्यांचे किंवा सोयाबीनच्या भुसकटाचे पृथक्करण केले असता त्यात सुमारे ४५ टक्के कर्ब, जवळजवळ तितकाच प्राणवायू आणि सुमारे ६ टक्के हायड्रोजन आढळतो. नत्र, स्फुरद, पालाश, चुना, लोह इत्यादी जमिनीतून घेतलेली द्रव्ये मिळून उरलेल्या चार-पाच टक्क्यांत बसतात. कर्ब हवेतून येतो व हायड्रोजन पाण्यातून. म्हणजेच शेतातून आपण जी रास घरी आणतो, तिचा फार मोठा भाग हवा आणि पाणी यांपासून बनलेला असतो. खतांतील द्रव्ये थोडी लागतात, पण त्यांच्यावाचून अडते. भाजीतील मिठाचे प्रमाण अल्प असते, म्हणून ते अनावश्यक ठरत नाही. परंतु पोट मिठाने भरत नाही, हेही लक्षात ठेवावयास हवे.

पानातील कारखाना

हिरव्या पानात प्रकाशाच्या साहाय्याने हवा व पाणी यांपासून साखर तयार होण्याच्या क्रियेस प्रकाशसंश्लेषण असे म्हणतात. या क्रियेला चार गोष्टी लागतात.

पहिली गोष्ट पाणी. मुळांवरील अतिसूक्ष्म केस जमिनीतील ओलावा शोषून घेतात आणि तो खोडातील जलवाहिन्यांमधून पानापर्यंत चढतो.

दुसरी गोष्ट हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड, म्हणजेच कर्बवायू. आपण उच्छ्वासावाटे जो वायू बाहेर टाकतो तोच हा. पानाच्या पृष्ठभागावर, विशेषतः बहुतेक पिकांत खालच्या बाजूस, डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. प्रत्येक छिद्राला दोन ओठांसारख्या पेशी असतात. त्या पाण्याने फुगल्या की छिद्र उघडते, व सैल पडल्या की मिटते. या छिद्रांतूनच कर्बवायू पानात शिरतो.

तिसरी गोष्ट हरितद्रव्य. पानाला हिरवा रंग देणारा हा पदार्थ पानाच्या पेशींतील हरितकणांत साठविलेला असतो. सूर्यप्रकाश पकडण्याचे काम हरितद्रव्य करते. त्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू व त्याभोवती नत्राचे चार अणू असतात. लोह हा हरितद्रव्याचा घटक नव्हे, पण लोहावाचून हरितद्रव्य तयारच होत नाही. पाने पिवळी का पडतात, हे समजून घेताना ही माहिती पुढे उपयोगी पडेल.

चौथी गोष्ट अर्थातच सूर्यप्रकाश. हिरव्या भागाखेरीज आणि प्रकाशाखेरीज ही क्रिया घडत नाही, हे यान इंगेनहाउस या शास्त्रज्ञाने १७७९ साली प्रयोगांनी दाखवून दिले.

ही क्रिया दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात हरितद्रव्याने पकडलेल्या प्रकाशाच्या शक्तीने पाण्याचे विघटन होते. त्यातील प्राणवायू मोकळा होऊन पर्णरंध्रांवाटे बाहेर पडतो. आपण जो प्राणवायू श्वासात घेतो, तो याच मार्गाने हवेत आलेला आहे. दुसऱ्या टप्प्यात, पहिल्या टप्प्यात साठविलेली शक्ती वापरून कर्बवायूपासून साखर बनविली जाते. या दुसऱ्या टप्प्यातील पायऱ्या मेल्व्हिन काल्व्हिन व त्याच्या सहकाऱ्यांनी उलगडल्या. त्याबद्दल काल्व्हिन यास १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या व्यवहाराचा जमाखर्च मोठा चोख असतो. २६४ ग्रॅम कर्बवायू आणि १०८ ग्रॅम पाणी खर्ची पडले, म्हणजे १८० ग्रॅम साखर व १९२ ग्रॅम प्राणवायू तयार होतो. दोन्ही बाजूंची बेरीज ३७२ ग्रॅमच भरते. या हिशेबाने एक किलो साखर तयार करण्यास सुमारे १,४६७ ग्रॅम कर्बवायू लागतो. हवेत कर्बवायूचे प्रमाण फारच थोडे, म्हणजे दहा हजार भागांत सुमारे चार भाग, एवढेच असते. त्यामुळे एक किलो साखरेसाठी जवळजवळ दोन हजार घनमीटर हवेतील सगळा कर्बवायू पिकाला वेचून घ्यावा लागतो. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि वीस मीटर उंच अशा वाड्यात जेवढी हवा मावेल, तेवढी ही हवा झाली. पर्णरंध्रे उघडी राहणे किती महत्त्वाचे आहे, हे यावरून ध्यानात येईल.

गावात करून दाखविण्याजोगे दोन प्रयोग

ग्रामपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे दोन प्रयोग शेतीशाळेत अगर गावातील शाळेत अवश्य करून दाखवावेत. डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट मनात ठसते.

पहिला प्रयोग : कुंडीतील सोयाबीनचे निरोगी रोप दोन दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवावे, म्हणजे पानात साठलेले पीठ वापरले जाईल. नंतर एका पानाच्या मधल्या भागावर दोन्ही बाजूंनी काळ्या कागदाची पट्टी लावून रोप चार-पाच तास उन्हात ठेवावे. पान तोडून कागद काढावा व ते पान काही मिनिटे उकळत्या पाण्यात धरावे. त्यानंतर एका लहान पेल्यात स्पिरिट घेऊन त्यात पान बुडवावे आणि तो पेला गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावा. स्पिरिट झटकन पेट घेते, म्हणून पाणी आधी तापवून विस्तव पूर्णपणे विझवावा व मगच स्पिरिट जवळ आणावे. हरितद्रव्य स्पिरिटमध्ये उतरून पान फिकट होईल. ते धुऊन त्यावर पाणी मिसळलेले टिंक्चर आयोडीन टाकावे. उघड्या भागावर निळसर काळा रंग चढेल व पट्टीखालचा भाग तसाच राहील. आयोडीनमुळे पिठाला निळा-काळा रंग येतो. म्हणजे जेथे ऊन लागले तेथेच पीठ तयार झाले, हे प्रत्यक्ष दिसते.

दुसरा प्रयोग : तळ्यात किंवा संथ पाण्यात वाढणारी हायड्रिला नावाची वनस्पती काचेच्या पेल्यात, देठाची कापलेली बाजू वर येईल अशा रीतीने ठेवावी. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकावा, म्हणजे कर्बवायूचा पुरवठा होतो. पेला उन्हात ठेवताच कापलेल्या देठातून प्राणवायूचे बुडबुडे निघू लागतात. एका मिनिटात किती बुडबुडे निघाले ते मोजावेत. नंतर पेला सावलीत आणावा व पुन्हा मोजावेत. बुडबुडे कमी झालेले दिसतील. आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी हायड्रिलावरच असे प्रयोग अत्यंत बारकाईने केले व त्यांवरील ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध केला.

तयार अन्नाचे पुढे काय होते?

पानात तयार झालेली साखर दिवसा काही अंशी पिठाच्या रूपाने पानातच साठते व विशेषतः रात्री पुन्हा विरघळून अन्नवाहिन्यांवाटे मुळांकडे, शेंड्याकडे, फुलांकडे व दाण्यांकडे जाते. मुळांनी घेतलेल्या नत्र, गंधक इत्यादी द्रव्यांशी तिचा संयोग होऊन प्रथिने तयार होतात. तिच्यापासूनच सोयाबीन व करडईच्या दाण्यात तेल बनते. ज्वारीच्या दाण्यातील पीठ, उसातील साखर व कापसाचा धागा ही याच साखरेची निरनिराळी रूपे आहेत. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. परंतु तेही पानाने पाठविलेल्या साखरेवरच जगतात. पाने अशक्त झाली की गाठींचे कामही मंदावते.

तथापि तयार झालेले सगळेच अन्न शिलकीत पडत नाही. पीकही श्वसन करते आणि त्यासाठी अन्न खर्ची घालते. प्रकाशसंश्लेषण केवळ दिवसा चालते, पण श्वसन मात्र दिवसरात्र, पानांत आणि मुळांतही, सुरू असते. दिवसाची कमाई वजा दिवसरात्रीचा खर्च, ही पिकाची खरी शिल्लक होय. मुळांनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो, ही गोष्ट आपल्याकडील भारी काळ्या जमिनीत विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे.

सोयाबीन पिवळे का पडते?

नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांत सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक झाले आहे. जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की अनेक शेतांत सोयाबीन पिवळे पडू लागते. पान पिवळे पडणे म्हणजे हरितद्रव्य कमी होणे, आणि हरितद्रव्य कमी होणे म्हणजे चूल विझत जाणे. परंतु चूल विझण्याची कारणे वेगवेगळी असतात. कारण न ओळखता केलेला उपाय वाया जातो. म्हणून शेतात जाऊन पिवळेपणा प्रथम कोणत्या पानांवर आला आहे व कसा आला आहे, हे पाहावे.

१. शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी, पण त्यांच्या शिरा हिरव्या : ही लोहाच्या कमतरतेची खूण होय. येथे एक गोष्ट समजून घ्यावी. आपल्या काळ्या जमिनीत लोह मुळातच नसते असे नाही. परंतु चुनखडीयुक्त जमिनीत ते अविद्राव्य स्वरूपात अडकून पडते. त्यातच शेतात पाणी साचले म्हणजे मुळांना प्राणवायू मिळत नाही व लोह शोषून घेण्याची त्यांची शक्ती घटते. लोह जुन्या पानांतून नव्या पानांकडे सहसा सरकत नाही, म्हणून लक्षण प्रथम कोवळ्या पानांवर दिसते. अशा वेळी युरिया देऊन उपयोग होत नाही. प्रथम साचलेले पाणी चर काढून बाहेर काढावे. वापसा येताच हलकी कोळपणी करावी, म्हणजे मुळांना हवा मिळेल. त्याचबरोबर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट व २५ ग्रॅम कळीचा चुना (विरवून, त्याची निवळी गाळून) मिसळून फवारणी करावी. चिलेटेड लोह मिळत असल्यास ते वेष्टनावरील प्रमाणात वापरावे.

२. खालची जुनी पाने प्रथम व सारखी पिवळी : ही नत्राची उणीव होय. नत्र जुन्या पानांतून नव्या पानांकडे वाहून जाते, म्हणून लक्षण खालून सुरू होते. सोयाबीनमध्ये मुळे उपटून गाठी पाहाव्यात. गाठ फोडली असता आत गुलाबी रंग दिसला तर ती कार्यक्षम आहे असे समजावे. गाठीच नसतील तर पुढील हंगामात बियाण्यास रायझोबियम जिवाणूसंवर्धक चोळण्याची आठवण ठेवावी.

३. खालच्या पानांच्या शिरा हिरव्या व मधला भाग पिवळा : ही मॅग्नेशियमची उणीव असू शकते. कपाशीत याच उणिवेने पाने पुढे लालसर होतात. कपाशीवरील ‘लाल्या’ला नत्राची कमतरता, पाण्याचा ताण, रात्रीची थंडी अशी इतरही कारणे असतात. मॅग्नेशियमच्या उणिवेवर १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट मिसळून फवारावे.

४. शेतात विखुरलेली काही झाडे, त्यांच्या पानांवर पिवळे व हिरवे अनियमित ठिपके : हा पिवळा मोझॅक नावाचा विषाणुजन्य रोग होय. तो पांढऱ्या माशीमुळे एका झाडावरून दुसऱ्या झाडावर पसरतो. २०२३ च्या खरिपात मराठवाड्यातील अनेक सोयाबीन शेतांत त्याचा प्रादुर्भाव दिसून आला. या रोगावर कोणतेही खत किंवा सूक्ष्म अन्नद्रव्य चालत नाही. रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करावे, शेतात पिवळे चिकट सापळे लावावेत आणि पांढऱ्या माशीचा शिफारशीप्रमाणे बंदोबस्त करावा.

एकाच शेतात यांपैकी दोन कारणेही एकत्र असू शकतात. शंका असेल तर पाने घेऊन कृषी विभागाच्या कर्मचाऱ्यांकडे, कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांकडे विचारपूस करावी. दुकानात जाऊन सापडेल ती बाटली आणण्यापूर्वी एवढा वेळ खर्च करणे केव्हाही फायद्याचे ठरते.

पाण्याचा ताण आणि मिटलेली दारे

ज्या छिद्रातून कर्बवायू आत येतो, त्याच छिद्रातून पानातील पाणी वाफेच्या रूपाने बाहेर जाते. हवा हवी तर दार उघडे ठेवावे लागते, आणि दार उघडे ठेवले की पाणी जाते, अशी ही अडचण आहे. पावसात खंड पडून जमीन सुकली की पीक दुपारी माना टाकते व पर्णरंध्रे मिटून घेते. त्या वेळी आकाशात ऊन भरपूर असते, पान हिरवेगार असते, तरीही आत कर्बवायू येत नसल्यामुळे कारखाना बंद पडतो. फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना असे आठ-दहा दिवस गेले, तर फुले गळतात व दाणे चिमतात.

या दृष्टीने सर्व पिके सारखी नाहीत. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात अ‍ॅक्रन येथे ब्रिग्ज व शांट्झ या संशोधकांनी १९११ ते १९१३ या काळात केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, एक किलो कोरडे पीक तयार करण्यास ज्वारीला सुमारे तीनशे किलो पाणी लागते, तर अनेक द्विदल पिकांना त्याच्या दुपटीहून अधिक लागते. हवामानाप्रमाणे हे आकडे बदलतात, पण पिकांमधील फरक कायम राहतो. त्याचे कारण १९६६ साली हॅच व स्लॅक यांनी ऑस्ट्रेलियात केलेल्या उसावरील संशोधनामुळे स्पष्ट झाले. सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस, गहू या पिकांत कर्बवायू पकडणारे विकर कडक उन्हात कर्बवायूऐवजी पुष्कळदा प्राणवायूच पकडते व त्यामुळे झालेली कमाई वाया जाते. ज्वारी, बाजरी, मका व ऊस यांच्या पानात मात्र निराळी सोय आहे. बाहेरच्या पेशी कर्बवायू गोळा करून शिरांभोवतालच्या पेशींना पोहोचवितात. मोटेने पाणी उपसून एकाच दंडात सोडावे, तसा तेथे कर्बवायूचा साठा होतो. त्यामुळे पर्णरंध्रे थोडी उघडी ठेवूनही या पिकांचे काम भागते. आपल्या वाडवडिलांनी मराठवाड्यात ज्वारीला जे स्थान दिले, त्याला असा शास्त्रीय आधार आहे.

येथे उसाविषयी गैरसमज होऊ नये. ऊसही ज्वारीच्याच गटातला, म्हणजे पाण्याच्या थेंबाथेंबातून अधिक अन्न बनविणारा आहे, हे खरे. परंतु तो शेतात बारा महिने व त्याहूनही अधिक काळ उभा राहतो, भर उन्हाळा अंगावर काढतो व त्याचे वजनही प्रचंड असते. त्यामुळे एकूण पाणी फार लागते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. ज्या शेतात उन्हाळ्यात पाण्याची शाश्वती नाही, तेथे उसाचे क्षेत्र वाढवू नये. आणि जेथे ऊस आहे, तेथे तो ठिबक सिंचनावरच घ्यावा.

कोरडवाहू शेतकऱ्याने पर्णरंध्रे उघडी राहावीत म्हणून पुढील गोष्टी कराव्यात. सोयाबीनची पेरणी रुंद वरंबा-सरी पद्धतीने करावी. या पद्धतीत पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जाते व कमी झाला तर सरीत मुरते. खंडाच्या काळात कोळपणी करून भेगा बुजवाव्यात, म्हणजे ओल उडून जात नाही. शेततळे असल्यास फुलोऱ्यात व शेंगा भरताना एक संरक्षित पाणी द्यावे. रब्बी ज्वारी व हरभरा ही पिके तर साठलेल्या ओलीवरच यावयाची, म्हणून त्यांच्यासाठी तणमुक्त जमीन व वेळेवर पेरणी या दोन गोष्टींना पर्याय नाही.

ऊन वाटून घेण्याची शिस्त

ऊन फुकट मिळते, म्हणून त्याची आपण फिकीर करीत नाही. वस्तुतः शेतावर पडणाऱ्या सूर्यशक्तीपैकी शंभरात एक-दोन भागच बहुधा पीक अन्नात साठविते. उरलेली जमिनीवर पडते, परावर्तित होते किंवा तणांच्या उपयोगी पडते. ही गळती कमी करणे बऱ्याच अंशी शेतकऱ्याच्या हातात आहे.

सोयाबीन ४५ सेंटिमीटर ओळींत व दोन झाडांत ५ सेंटिमीटर अंतर ठेवून पेरल्यास हेक्टरी सुमारे ४ लाख ४४ हजार झाडे बसतात. ‘अधिक बियाणे तेवढे अधिक उत्पन्न’ या समजुतीने कित्येक शेतकरी दाट पेरणी करतात. मग झाडे एकमेकांच्या सावलीत उंच व लेचीपेची वाढतात. खालची पाने अंधारात राहतात. ती कमाई करीत नाहीत, पण श्वसनासाठी खर्च मात्र करतात, आणि अखेरीस गळून पडतात. कपाशीत अशा दाटीने पाते व बोंडे गळतात. याउलट झाडे फार विरळ झाली तर ऊन मोकळ्या जमिनीवर पडून वाया जाते व त्यावर तण माजते. शिफारस केलेले अंतर हे या दोहोंमधला मध्य होय.

तण हा उन्हातला बिनहक्काचा वाटेकरी आहे. पेरणीनंतरचे पहिले चार ते सहा आठवडे पिकाचे पान लहान असते. त्या काळात तण वर गेले तर पिकाची छत्री कधीच पुरती उघडत नाही. म्हणून कोळपणी व खुरपणी याच मुदतीत आटोपावी.

सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेण्याची आपल्याकडील पद्धतही या दृष्टीने उत्तम आहे. तूर पहिले दोन महिने सावकाश वाढते, त्या काळात ऊन सोयाबीन वापरते. सोयाबीन निघाले की मोकळे झालेले ऊन व ओल तुरीला मिळते. एकाच शेतातले ऊन दोन पिके पाळीपाळीने घेतात.

शेवटची पाने जपा

दाणा भरण्याच्या वेळी झाडावर जी हिरवी पाने असतात, मुख्यतः तीच दाणा भरतात. ज्वारीत कणसाजवळची वरची पाने या कामी सर्वांत महत्त्वाची असतात. वैरणीची टंचाई असली की काही ठिकाणी दाणा चिकात असतानाच हिरवी पाने ओरबाडून जनावरांना घालतात. त्याने वैरण थोडी मिळते, पण दाण्याचे वजन घटते. पाने दाणा पक्व झाल्यावरच काढावीत.

सोयाबीनवरील पाने खाणाऱ्या अळ्यांच्या बाबतीतही हेच लागू पडते. रोप वाढीच्या अवस्थेत असताना थोडी पाने खाल्ली गेली तरी नवी फुटतात व नुकसान बरेचसे भरून निघते. शेंगा भरताना मात्र नवी पाने येत नाहीत. तेव्हा झालेले नुकसान दाण्यातूनच वजा होते. म्हणून फुलोऱ्यापासून पुढे दर आठवड्यास शेत फिरून पाहावे व अळ्यांची संख्या नुकसानीच्या पातळीस पोहोचताच उपाय योजावा. पुढच्या अवस्थेत एका आठवड्याची दिरंगाईही महाग पडते.

सारांश

१. पिकाचा देह मुख्यतः हवा व पाणी यांपासून बनतो. खतातील द्रव्ये थोडी पण आवश्यक असतात.
२. अन्न हिरव्या पानातच व उजेडातच तयार होते. पान हिरवे, निरोगी व उन्हात राहील अशी व्यवस्था ठेवणे हीच शेतीची मुख्य मशागत होय.
३. पान पिवळे दिसताच खत टाकू नये. पिवळेपणा वरून आला की खालून, शिरा हिरव्या आहेत की नाहीत, हे आधी पाहावे.
४. काळ्या जमिनीत पाण्याचा निचरा करावा. मुळांना हवा मिळाली नाही तर पानाला लोह मिळत नाही.
५. पावसाच्या खंडात ओल राखावी, कारण पर्णरंध्रे मिटली की भर उन्हातही पीक उपाशी राहते.
६. योग्य अंतर, वेळेवर कोळपणी व आंतरपीक यांनी उन्हाचा पूर्ण उपयोग करून घ्यावा.
७. दाणा भरेपर्यंत वरची पाने जपावीत.

गोदावरी व मांजरा या नद्यांच्या खोऱ्यांतील आपल्या जमिनी कसदार आहेत आणि पावसाळा सरला म्हणजे ऊनही मुबलक आहे. कमतरता असेल तर ती पाण्याची आणि वेळेवर पाहणी करण्याची. पाऊस आपल्या हाती नाही. परंतु येत्या खरिपात दर आठ दिवसांनी शेताच्या चारही कोपऱ्यांत व मधोमध थांबून पाच-पाच झाडांची पाने वरून खालपर्यंत न्याहाळणे हे प्रत्येकाच्या हाती आहे. त्याला एक पैसाही लागत नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक गावातील निदान दहा शेतकऱ्यांना ही पाहणी प्रत्यक्ष शेतात शिकवावी.